काइरीस उजवा निघाला

सगळा घोळ झाला तो कोच ब्रोनियुसला मशरूम वेचायचा नाद आहे म्हणून. सप्टेंबर उजाडला की निम्मा लिथुआनिया टोपल्या घेऊन रानात शिरतो, आणि रानात फोनला रेंज धड नसते. अशाच एका रविवारी पाइनच्या झाडांखाली ओणवा होऊन, एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात फोन धरून ब्रोनियुस बास्केटबॉल क्लबच्या अध्यक्षाला ओरडून सांगत होता की टीमला एक डावखुरा हवा. सगळेच्या सगळे उजवे असल्यामुळे समोरचे आपल्याला दर मॅचला एकाच कोपऱ्यात कोंडतात. "काइरीस आण! कुठून पण आण, पण काइरीसच आण!"

आता इथल्या भाषेत काइरीस म्हणजे डावखुरा. पण काइरीस हे आडनावही आहे, आणि डावरे आडनावाचा माणूस जसा डावखुराच असेल असं नाही, तसंच हेही. लिहिताना आडनावाचं पहिलं अक्षर मोठं काढतात, पण फोनवर मोठं अक्षर ऐकू येत नाही. अध्यक्ष अल्बिनास चीजच्या कारखान्याचा मालक, कामाला वाघ. त्याने दोन दिवसांत एस्टोनियातल्या कुठल्याशा क्लबातून मोकळा झालेला कास्पारस काइरीस नावाचा खेळाडू हुडकला, त्याच्याशी करार केला आणि ब्रोनियुसला निरोप धाडला, 'काम फत्ते.'

पुढच्या सोमवारी काइरीस आला. तिशी ओलांडलेला, किडकिडीत, खांदे पाडून उभा राहणारा. बसची वाट बघत उभा असलेला माणूस वाटावा असा. ब्रोनियुसने त्याच्याकडे चेंडू फेकला. त्याने तो झेलला आणि उजव्या हाताने रिंगकडे टाकला.

"डाव्या हाताने टाक," ब्रोनियुस म्हणाला.

काइरीसने आज्ञाधारकपणे टाकला. चेंडू बोर्डाच्या कडेला लागून भलतीकडेच गेला. "मी उजवा आहे, कोच," तो म्हणाला.

ब्रोनियुसने सावकाश मान वळवून अल्बिनासकडे बघितलं. अल्बिनासने खिशातून कराराचा कागद काढला आणि त्यावर बोट ठेवलं. "हे बघ की! काइरीसच आहे! मी काय मनाचं आणलंय का?"

एझेरूपिससारख्या छोट्या गावात अशी बातमी दुपारपर्यंत शिळी होते. इथे दर माणूस बास्केटबॉलचा कोच असतो. औषधाच्या दुकानात गोळी घ्यायला जा, गोळीबरोबर डिफेन्सबद्दल सल्ला मिळतो. बाजारात पनीर विकणारी स्तासे तर अल्बिनासला बघून काउंटरवर हात आपटून हसली. "अल्बिनास, पुढच्या खेपेला थंड डोक्याचा माणूस मागवू नकोस हो कुणी, तू गावभर टकलेच गोळा करशील!" तिच्या विनोदाला अर्थ फारसा नव्हता, पण बाजार पोट धरून हसला. अल्बिनास तांबडालाल झाला आणि त्याच क्षणी त्याने ठरवलं की या काइरीसला आठवड्याच्या आत परतीच्या गाडीत बसवायचं.

ते सोपंही होतं. लीगकडे बारा जणांची यादी शुक्रवारी संध्याकाळी जायची होती. अकरा जणांचे करार वसंतापर्यंत पक्के होते. बाराव्या जागेवर गेली दोन वर्षं योरिस बसत होता, आणि त्याचा करार संपत आला होता. म्हणजे बारावा एकतर काइरीस, नाहीतर योरिस. आणि योरिस हा सहायक कोच गिन्तासचा मुलगा.

नव्या खेळाडूला जोखायचं काम पहिल्यापासून गिन्तासचं. ब्रोनियुसची पद्धत अशी की पहिला आठवडा नव्या माणसाला आपला समजायचंच नाही, शत्रू समजायचं. याला हरवायचं तर काय करावं, ते गिन्तासने शोधायचं, आणि गुरुवारी संध्याकाळी सॉनात, म्हणजे तापलेल्या दगडांच्या वाफेच्या खोलीत बसून तोंडी सांगायचं. कागद चालत नसे. ब्रोनियुसचं म्हणणं, अंगावर कपडे असले की माणूस सावरून बोलतो, आणि घाम फुटला की खरं बोलतो.

"या वेळी दुसऱ्या कुणाला सांग," गिन्तास म्हणाला. "माझ्या पोराची जागा आहे. मी कसलं डावं-उजवं ठरवू?"

"दुसरा कोण आहे माझ्याकडे? तूच बघ आणि तूच सांग," ब्रोनियुस म्हणाला. "तू जे सांगशील ते मी करणार. बास."

गिन्तासला त्या विश्वासाचा राग आला. योरिस गुणी मुलगा होता. सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या नंतर जायचा, आणि मॅचच्या दिवशी बाकाच्या टोकाला टॉवेल मांडीवर घेऊन बसायचा. हॉलमध्ये तो बापाला 'कोच' म्हणे, घरी 'बाबा'. इथून नाव कटलं तर पुढे कुठे जागा मिळायची आशा नव्हती. काकाच्या लाकडाच्या वखारीत काम तयार होतं, आणि तिथे गेलेली पोरं परत कोर्टावर येत नाहीत हे गिन्तासला ठाऊक होतं.

म्हणून सोमवारी सराव सुरू झाला तेव्हा गिन्तास काइरीसमधल्या खोटी शोधायला अगदी मनापासून बसला. आणि खोटी तरी किती! पळायला मंद. उडी मारली की नाही ते नीट बघितल्याशिवाय कळू नये. शॉट चपटा, कमान नसलेला. डावा हात नुसता शोभेचा. आणि पास? पास तर विचारूच नका. पहिला पास रिंगजवळ खेळणाऱ्या उंच्यापुऱ्या सेंटरच्या कानावर बसला. दुसरा कुणाच्याच हाती न लागता थेट भिंतीला लागला. तिसरा योरिसच्या पाठीत. पोरं हसायला लागली. कुणीतरी ओरडलं, "अरे, आडनावच चुकीचं नाही, पत्ते पण चुकीचे आहेत याचे!" काइरीस हसला नाही, चिडला नाही, सॉरीही म्हणाला नाही. चेंडू आणायला चालत गेला.

गिन्तासला हायसं वाटलं. इतकं हायसं की त्याची त्यालाच लाज वाटली, पण वाटलं हे खरं.

मंगळवारी मात्र एक गोष्ट त्याच्या डोक्यात कुसळासारखी रुतली. पास वाया गेला की कुठलाही खेळाडू चेंडूकडे बघतो, नाहीतर ज्याला दिला त्याच्याकडे रागाने बघतो. काइरीस दोन्हीकडे बघत नव्हता. तो कोर्टावरच्या एका रिकाम्या जागेकडे बघायचा, क्षणभरच, आणि मग निघायचा. असं काय आहे तिथे? गिन्तास उठला आणि नेहमीची बाकाजवळची जागा सोडून रिंगच्या बरोबर मागे, भिंतीला टेकून उभा राहिला. आणि त्याने ठरवलं की आता चेंडू बघायचा नाही. ती रिकामी जागा बघायची.

सवय मोडायला वेळ लागला. जन्मभर चेंडू बघत आलेले डोळे, ते पुन्हा पुन्हा तिकडेच पळत होते. मग एकदा जमलं. काइरीस डाव्या कडेला अडकलेला, अंगावर दोघे. मध्ये रिंगच्या समोर सहा पावलांची जागा उघडी पडली, नुकतीच, कुणाच्याच लक्षात न आलेली. चेंडू त्या जागेत आला, कमरेच्या उंचीवर, मऊ, आणि तिथे कुणीच नसल्यामुळे पुढे निघून गेला. तिथे असायला हवा होता तो सेंटर एक पाऊल मागे थांबला होता. त्याने एक पाऊल टाकलं असतं तर हातात चेंडू, समोर रिंग, मध्ये कुणी नाही.

गिन्तासने पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. मग पुन्हा. एकही पास चुकीचा नव्हता. दार वाजायच्या आधीच कुणीतरी आपल्यासाठी चहाचा कप काढून ठेवावा, तसा तो माणूस चेंडू आधी ठेवत होता आणि घरात येणारे उंबऱ्याबाहेरच थबकत होते. कालपासून पोरं ज्याला हसत होती ती त्याची चूक नव्हतीच. ती यांची होती, आणि यांना शिकवणाऱ्या गिन्तासची.

त्याने तीस वर्षं या खेळात घालवली, कौनस शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये नावाजलेले लोक बघितले, पण हे बघितलं नव्हतं. 

दुपारी शाळेच्या कँटीनमध्ये तो काइरीसच्या समोर ताट घेऊन बसला. हॉल शाळेचाच होता, जेवणही तिथलंच. काइरीस बटाट्याच्या बाजूची शेपूची पानं एकेक करून ताटाच्या कडेला काढत होता.

"तू बघतोस काय रे नेमकं?" गिन्तासने विचारलं.

काइरीसने त्याच्याकडे असं बघितलं, की हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नसावा. "टाचा," तो म्हणाला.

"टाचा?"

"डोळे फसवतात, कोच. खांदेपण. पण माणूस निघणार असेल तर त्याची टाच आधी उचलली जाते. त्याला स्वतःला कळायच्या आत. तेवढ्यात मी सोडतो."

"आणि तो निघालाच नाही तर?"

"निघतातच सगळे. मग थांबतात." त्याने एक पान बाजूला केलं. "तो योरिस आहे ना, त्याच्याइतक्या लवकर टाच उचलणारा तुमच्यात दुसरा नाही. एस्टोनियात पण नव्हता. पण दर वेळी एक पाऊल टाकतो आणि थांबतो."

गिन्तासने काटा ताटात ठेवला. "का थांबतो?"

"चेंडू येणार नाही अशी खात्री असते त्याला. लहानपणापासून कुणी दिलाच नसेल." मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो एकदम ओशाळला. "तुमचा मुलगा आहे, नाही का? माफ करा. मला असं बोलायचं नव्हतं."

"नाही नाही, बोललास ते बरं केलंस," गिन्तास म्हणाला, आणि ताट तसंच ठेवून उठला.

कारण ते खरं होतं. शाळेच्या टीमपासून गिन्तासच त्याचा कोच. मुलाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून प्रत्येक डाव त्याने दुसऱ्या कुणासाठी तरी आखला होता, आणि योरिसला सांगितलं होतं, तू फक्त जागा मोकळी करून दे. पोराने दहा-बारा वर्षं निमूटपणे जागा मोकळी करून दिली होती.

गुरुवारी दार लावून सरावाची मॅच होती. अकरातले पाच मुख्य खेळाडू एका बाजूला. काइरीस, योरिस आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला. रिवाजाप्रमाणे गिन्तासने मुख्य पाचांना काइरीसला हरवायचा डाव सांगितला, आणि त्यात त्याने अजिबात कसर ठेवली नाही. "त्याला डावीकडे ढकला. डावा हात नाहीये त्याला. दोघेजण अंगावर जा. शॉट टाकू द्या, तो लागत नाही." मग तो दुसऱ्या बाजूला गेला. योरिस बुटाची नाडी बांधत होता. गिन्तास त्याच्याजवळ वाकला.

"थांबू नकोस," तो म्हणाला.

"काय, कोच?"

"निघालास की थांबू नकोस. मागे बघू नकोस. निघ."

योरिसने मान वर केली. शुक्रवारी काय आहे हे त्यालाही माहीत होतं, सगळ्यांनाच होतं. त्याने नाडी करकचून आवळली.

सुरुवात नेहमीसारखीच झाली. काइरीसला डावीकडे ढकललं, दोघे अंगावर गेले, तो कडेला कोंडला गेला. तो कोंडून घेतोय, मुद्दाम घेतोय, हे फक्त गिन्तासला दिसत होतं. योरिसची टाच उचलली गेली. तो निघाला. एक पाऊल, आणि दुसरं.  चेंडू दोघांच्या हातांमधून, कशी कोण जाणे सापडलेल्या फटीतून आला आणि योरिसच्या तळव्यांत बसला. योरिस इतका दचकला की त्याने तो जवळजवळ सोडला. मग त्याने वर बघितलं, तर रिंग समोर होती आणि आसपास चिटपाखरू नव्हतं.

टाकला. गेला.

पुढच्या वेळी तो दचकला नाही. त्याच्या पुढच्या वेळी तो हात उघडूनच पळाला. आणि मग जे काही सुरू झालं त्याला गिन्तासकडे शब्द नव्हते, माझ्याकडेही पुरेसे नाहीत. मागे न बघता पळणारा एक मुलगा आणि तो जिथे जाईल तिथे त्याच्या आधी पोचणारा चेंडू. मुख्य पाचांनी डाव बदलला, योरिसच्या अंगावर माणूस लावला, तर चेंडू सेंटरकडे गेला, कारण आता सेंटरनेही ते एक पाऊल टाकलं होतं. पाहून पाहून बाकीचे शिकत होते. कोर्टावरची बडबड बंद झाली. नुसते बुटांचे आवाज आणि जाळीचा आवाज. कँटीनच्या बायका हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्यातली एकही बोलली नाही. एझेरूपिसमध्ये बास्केटबॉल बघताना बाई गप्प राहते, हे मी तरी दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही.

मुख्य पाच हरले. त्यांचा कप्तान घामाघूम होऊन काइरीसपाशी गेला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. योरिस कोर्टाच्या मध्ये बसून हसत होता, लहानपणी हसायचा तसा, उगाचच. सगळ्यांत जास्त गुण त्याचे होते. गिन्तासने मुलाला असं खेळताना कधी बघितलं नव्हतं. आपला मुलगा असा आहे, हे त्याला परक्या माणसाने दाखवलं होतं, आणि तो पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेला.

संध्याकाळी सॉनात तिघे होते. ब्रोनियुस वरच्या फळीवर, गिन्तास त्याच्या खाली, आणि दाराजवळ अल्बिनास, कारण त्याला उष्णता सोसत नसे पण निर्णयाच्या वेळी गैरहजर राहणं त्याहून सोसत नसे. ब्रोनियुसने तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं.

"हं. बोल."

गिन्तासने तोंड उघडायच्या आत अल्बिनासच बोलला. "बोलायचंय काय त्यात? मी डोळ्यांनी बघितलं की! योरिस! काय खेळला पोरगा! सगळ्यांत जास्त गुण कुणाचे? योरिसचे. मग त्यालाच ठेवा, आणि त्या काइरीसला द्या निरोप. गावाचं हसणंही थांबेल. गिन्तास, अभिनंदन बाबा तुझं!"

दगड चुरचुरत होते. गिन्तास नुसता गप्प बसला असता तरी पोराची जागा राहिली असती. खोटं बोलावंही लागलं नसतं. गुण खरोखरच योरिसचे होते. ब्रोनियुस वरून त्याच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"योरिस आज चांगला खेळला," गिन्तास म्हणाला.

"मग!" अल्बिनास म्हणाला.

"काइरीसला काढलं, की सोमवारी योरिस पुन्हा थांबायला लागेल. त्याचा दोष नाही. त्याला चेंडू देणारा कुणी राहणार नाही. आणि काइरीस राहिला, तर अकराच्या अकरा जण उद्या आजच्या योरिससारखे होतील. तू बघितलंस ना सेंटरला? तो पंधरा दिवसांत झोपेत ते पाऊल टाकायला लागेल." त्याने चेहऱ्यावरचा घाम पुसला, पण तो पुन्हा आला. "बलस्थान विचारशील तर हे. मी असा माणूस बघितलेला नाही, ब्रोनियुस. पुन्हा बघेन असंही वाटत नाही."

"कमजोरी?"

"पळत नाही. उडत नाही. डावा हात नाही. शॉट नाही." गिन्तासने एकेक बोट मिटत मोजलं. "आणि त्याच्यासाठी जागा करायची, तर आपल्या घरातलं माणूस बाहेर काढावं लागतं."

 अल्बिनासने एकदा गिन्तासकडे बघितलं, मग जमिनीकडे.  ब्रोनियुस वरच्या फळीवरून खाली उतरला, गिन्तासशेजारी बसला आणि त्याने त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला. हात बराच वेळ तिथेच होता.

योरिस बाहेर गाडीत बसला होता. गिन्तास आत बसला, चावी लावली, पण फिरवली नाही.

"काइरीस राहतोय," तो म्हणाला.

"हं."

"अल्बिनास तुझं नाव घेत होता. मी—"

"बाबा, राहू दे." योरिस काचेतून समोर बघत होता. "त्याला काढलं असतंत ना, तर मी तुमच्याशी बोललो नसतो." मग वेगळ्याच आवाजात, "यादी उद्या संध्याकाळी जाते ना?"

"हो."

"म्हणजे सकाळचा सराव आहे मला."

शुक्रवारी सकाळी ब्रोनियुसने मॅच लावली नाही, डावही सांगितला नाही. म्हणाला, "खेळा," आणि बाकावर जाऊन बसला. गिन्तास शिट्टी ओठांत धरून रिंगच्या मागे, भिंतीपाशी उभा राहिला. योरिस निघत होता. चेंडू येत होता. पोराने एकदाही मागे वळून बघितलं नाही. कधी टाकायचा, कधी नुसताच झेलून परत काइरीसकडे द्यायचा आणि पुन्हा निघायचा, जणू गुण करणं हे आता बिनमहत्त्वाचं काम होतं आणि निघणं हेच खरं. काइरीसही त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला चेंडू देईना. बाकीचे हळूहळू कडेला झाले आणि उभे राहून बघायला लागले.

सरावाची वेळ संपली. शाळेचा पुढचा तास होता. शिक्षिका मुलांची रांग घेऊन दारात आली. तिने घड्याळाकडे बघितलं, मग कोर्टाकडे, आणि ती तोंडावर बोट ठेवून मुलांकडे वळली.

"गिन्तास," बाकावरून ब्रोनियुस हळूच म्हणाला, "वेळ झाली. वाजव आता."

"वाजवतो," गिन्तास म्हणाला, आणि त्याने वाजवली नाही.